उपदेश पालकांना, महसूल तिजोरीला

दरवर्षी २६ जून रोजी अमली पदार्थविरोधी दिन पाळला जातो. शाळांतून फेऱ्या निघतात, मुलांकडून शपथा वदवून घेतल्या जातात आणि व्यासपीठावरून पालकांना बजावले जाते की, मुलांशी संवाद साधा. सल्ला वावगा नाही. सल्लागाराची वहीखाती मात्र तपासली पाहिजेत. २०२५ च्या त्याच जून महिन्यात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवले आणि त्यातून वर्षाकाठी सुमारे १४,००० कोटी रुपयांच्या वाढीव महसुलाची अपेक्षा धरली. किंमत वाढली की खप काही अंशी घटतो, हे अर्थशास्त्र जाणतेच. परंतु चर्चा झाली ती खप किती घटेल याची नव्हे, तिजोरीत किती पडेल याची. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने दारूबंदीसाठी प्रयत्न करण्याचे कर्तव्य राज्याला घालून दिले आहे. राज्याने ते कर्तव्य आईबापांच्या पदरात टाकले आणि गल्ला स्वतःकडे ठेवला.

शिवाय संवादाला वेळ लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये याच मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या तासांची दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ पर्यंत नेण्यास मंजुरी दिली. बारा तास यंत्रापुढे उभा राहून, दोन तास प्रवासात चेंगरून घरी परतणाऱ्या बापाने पोराशी नेमके केव्हा बोलावे, हे त्या व्यासपीठावरून कोणी सांगत नाही.

इथवर सारे कार्यकर्ते माना डोलावतील. अडचण पुढे आहे. व्यसन हे विषम व्यवस्थेचे अपत्य आहे, व्यवस्था बदलली की ते नाहीसे होईल, तोवर घरातल्या गुजगोष्टी म्हणजे मध्यमवर्गीयांचा विरंगुळा, असा एक सोयीस्कर समज चळवळीत रुजला आहे. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० साली दारूच्या दुकानांच्या वाढीला लेखी विरोध करणाऱ्या जोतीराव फुल्यांना व्यवस्था कळत नव्हती काय? खरे कारण वेगळे आहे. शिबिराच्या रात्री मागच्या खोलीत काय चालते, हे कार्यकर्त्यांच्या मुलांना पुरते ठाऊक असते. तेव्हा बोलायचे तर सुरुवात स्वतःपासून करावी लागते, आणि सभा गाजवणाऱ्याची जीभ तिथे अडखळते. अडखळली तरी चालेल. 'मी घेतो, सोडता येत नाही, त्याची लाज वाटते,' एवढे म्हणणाऱ्या बापाचे मूल ऐकते. ग्लास हातात धरून उपदेश करणाऱ्याचे ऐकत नाही.

बोलण्याआधी माहितीही हवी. केंद्र शासनाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के, म्हणजे दुप्पट आढळले. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्यूशन! बाप बाटली हुडकत बसतो आणि नळी दप्तरात असते. ती सापडली की आधी मुस्काटात, मग अब्रूसाठी गुपचूप. गर्द-गांजाचे प्रकरण असेल तर पोलिसांचे भय वेगळेच. वास्तविक १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या ६४-अ कलमानुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण करील, तर त्याच्यावर खटला चालत नाही. ही गोष्ट पक्षाच्या किती शाखांना ठाऊक आहे? ती माहीत असलेला बाप आधी दार बंद करून मारणार नाही, 'कधीपासून?' असे विचारील आणि उत्तर ऐकून घेईल.

संवाद घरात सुरू होतो, पण उंबऱ्याशी थांबत नाही. महाराष्ट्रात २००८ च्या आदेशानुसार गावातील स्त्रिया मतदानाने दारूचे दुकान बंद करू शकतात. 'आडवी बाटली' म्हणतात ती हीच. मात्र झालेल्या मतांच्या नव्हे, तर नोंदलेल्या एकूण स्त्री-मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते तिला लागतात. आमदाराला निवडून येण्यासाठी अशी अट नाही. सह्यांचा कागद घेऊन दारोदार निघालेल्या आईला शाळकरी पोर विचारते, 'दारू वाईट, तर सरकारच परवाना का देते?' तिने त्याला १४,००० कोटींचा आकडा सांगावा. पोराला हिशेब कळतो.