वाढीव दहा टक्के कुणाच्या खिशातून?

संगीताच्या सॉफ्टवेअरवर या सदरात कशाला लिहायचे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. कालपर्यंत ज्या घरांत खुंटीवर हलगी आणि ढोलकी होती, त्या घरांत आज संगणक आला आहे, म्हणून लिहायचे. आमची तरुण मुले दहा बाय बाराच्या खोलीत, खिडकीला गोधडी लावून गाणे रेकॉर्ड करतात, तिथेच त्याचे मिक्सिंग करतात आणि कुणा कॅसेट कंपनीच्या दारात न जाता जगभरच्या संगीत ॲपवर चढवतात. याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु हे हत्यार घडवले कुणी, त्यात नवे काय आले आणि त्या नव्याची किंमत शेवटी कुणाकडून वसूल होते, हे कुणीतरी तपासायला नको काय?

मध्यंतरी अशाच एका मुलाने आम्हांला त्याच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले. गाणे सुरू झाले आणि हलगी डाव्या खांद्याच्या मागे वाजू लागली. कोरस डोक्यावरून आला. आम्ही मान वळवली, तर हलगी आपल्या जागी तशीच! आम्ही लहान मुलासारखे हसलो, हे कबूल करतो. मग त्याने विचारले, "काका, हे असं केलं नाही तर पैसे कमी मिळतात म्हणे. खरं आहे का?"

खरे आहे. कसे ते सांगतो, परंतु आधी हे प्रकरण काय आहे ते पाहू.

माणसाला आवाजाची दिशा कळते ती दोन कानांमुळे. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानात जरा उशिरा पोहोचतो. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, तरी मेंदू तो पकडतो. वर-खाली, मागे-पुढे कळते ते कानाच्या पाळीच्या वळणांमुळे. याचा उपयोग करून दोन वाहिन्यांचा स्टिरिओ आवाज बांधण्याची कल्पना इंग्लंडमधील ॲलन ब्लमलाइन या अभियंत्याने १९३१ साली पेटंटसाठी मांडली. १९७०च्या दशकात चार स्पीकरांचा क्वाड्राफोनिक प्रकार आला. तो पडला, कारण एका कंपनीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट वाजेना आणि गिऱ्हाईक कंटाळले. २०१२ साली डॉल्बी कंपनीचे 'ॲटमॉस' चित्रपटगृहांत आले आणि पुढे ते संगीतातही उतरले. जून २०२१ मध्ये ॲपलने आपल्या संगीत सेवेत 'स्पेशल ऑडिओ' या नावाने ते घराघरांत नेले. मराठीत त्याला आपण अवकाशी आवाज म्हणू.

ॲटमॉसमध्ये प्रत्येक आवाज ठरावीक स्पीकरला बांधलेला नसतो. एकूण १२८ वाटा असतात. त्यांतील दहा पायाच्या थराला जातात आणि उरलेल्या ११८ वाटांवर सुटे आवाज ठेवता येतात. प्रत्येक सुट्या आवाजाबरोबर 'मी खोलीत अमुक ठिकाणी आहे' अशी नोंद जाते आणि वाजवणारे यंत्र आपल्याकडे किती स्पीकर आहेत ते पाहून वाटणी करते. स्टुडिओत ऐकायचे तर बारा स्पीकर लागतात. भोवती सात, जाड आवाजाचा एक आणि छताला चार. असा स्टुडिओ उभारणे बड्यांनाच परवडते. म्हणूनच सॉफ्टवेअरचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ॲपलच्या 'लॉजिक प्रो' या सॉफ्टवेअरची १०.७ ही आवृत्ती आली. तिच्यात ॲटमॉसचे मिक्सिंग पोटातच बसवले होते, निराळे काही विकत घ्यावे लागेना. मार्च २०२२च्या १०.७.३ या आवृत्तीत, श्रोत्याला ॲपल म्युझिकवर जसे ऐकू येणार तसेच मिक्सिंग करणाऱ्यालाही हेडफोनवर ऐकता येऊ लागले. मान वळवली तरी हलगी जागेवर राहते ती गंमतही तेव्हाचीच. बारा स्पीकरांची खोली नसलेल्या माणसाला हे दार किलकिले झाले, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

मग मे २०२४ मध्ये लॉजिक प्रो ११ आले. जाहिरात झाली ती कृत्रिम बुद्धिमत्तेची. संगणक स्वतः बास वाजवतो, कीबोर्ड वाजवतो. त्याविषयी आम्हांला फार बोलायचे नाही. साथीदाराचे पोट त्यावर आहे, एवढे नोंदवून पुढे जातो. त्याच आवृत्तीत एक गोष्ट आली, तिची फारशी वाच्यता झाली नाही. अवकाशी मिक्स कमी स्पीकरांवर उतरवताना मागचे आणि वरचे आवाज किती दाबायचे, कसे मिसळायचे, हे मिक्सिंग करणाऱ्याने स्वतः ठरवण्याची सोय. आमच्या मते या अपडेटमधली सर्वांत कामाची गोष्ट हीच. गाणे बारा स्पीकरांवर कसे वाजते यापेक्षा ते पाच किंवा दोन स्पीकरांवर उतरल्यावर कसे वाजते, हा प्रश्न आमच्या माणसांचा आहे. छतावर ठेवलेला कोरस खाली उतरताना बुडाला तर गाण्याची निम्मी ताकद गेली. ॲपल म्युझिकवर स्टिरिओची वेगळी प्रत असते, तिथे हा घोळ कमी. पण गाणे एकाच ठिकाणी वाजत नाही. वस्तीत जयंतीच्या मंडपात ते कर्ण्यावर वाजते आणि कर्ण्याला डावे-उजवे कळत नाही. म्हणून या मुलांना आमचे सांगणे असते की हेडफोनवर खूश झालात की तेच गाणे एका स्पीकरवर वाजवून बघा. शब्द कळतो का ते बघा. आमच्या गाण्यात शब्द हरवला तर उरले काय?

दुसरी नवी सोय म्हणजे एकत्र रेकॉर्ड झालेले गाणे फाडून त्यातील आवाज वेगळे करणे. ही सोय ऐकून आमचे कान टवकारले. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप यांच्या पिढीचे किती गाणे सभेत, मेळ्यात, एका माइकसमोर टेपवर घेतलेले आहे! तिथे गायक, ढोलकी, पेटी, टाळ्या सगळे एकाच फितीवर. वेगवेगळे ट्रॅक नाहीतच, तर अवकाशी मिक्स कशाचा करणार? आता आवाज सुटा करता येत असेल तर जुन्या फिती स्वच्छ होतील, असे आम्हांला वाटले.

त्या मुलाने लगेच एक जुनी फीत घालून दाखवली. सॉफ्टवेअर तेव्हा चार वाटे करत असे: गायन, ड्रम, बास आणि इतर. गायकाचा आवाज बराच सुटा झाला, याचे कौतुक केले पाहिजे. ढोलकीची थाप काही ड्रममध्ये, काही बासमध्ये गेली, म्हणजे एका वाद्याचे दोन तुकडे झाले. पेटी आणि तुणतुणे मात्र एकत्र 'इतर'मध्ये! वाचकहो, 'इतर' नावाच्या रकान्याशी आमची जुनी ओळख आहे. मे २०२५ मध्ये ११.२ ही आवृत्ती आली तेव्हा या रकान्यातून दोन वाद्ये बाहेर काढून त्यांना स्वतंत्र जागा देण्यात आली. कोणती? गिटार आणि पियानो. यात कुणी मुद्दाम कट केला, असा आमचा आरोप नाही. ज्या संगीतावर यंत्र शिकवले जाते तेच यंत्राला ओळखू येते, एवढा साधा हिशेब आहे. आमच्या वाद्यांचे सुटे, नीट नाव लावलेले ध्वनिमुद्रण कुणाकडे किती आहे? ते आम्ही करून ठेवले नाही तर कॅलिफोर्नियातील अभियंत्याला तुणतुणे स्वप्नात दिसणार काय?

हत्याराच्या किमतीचेही सांगितले पाहिजे. ११वी आवृत्ती आली तेव्हा मॅकवर तिची किंमत १९९.९९ डॉलर होती, एकदाच भरायची, आणि ज्यांच्याकडे आधीची होती त्यांना ती फुकट मिळाली. इतर सॉफ्टवेअरच्या मानाने हे स्वस्त. परंतु ते ॲपलच्याच संगणकावर चालते, आणि आवाज फाडण्याची सोय त्यातही ॲपलची स्वतःची चिप असलेल्या नव्या यंत्रांवरच. लॉजिक मुळात एमॅजिक या जर्मन कंपनीचे. विंडोजवरही ते चालत असे. २००२ साली ॲपलने ती कंपनी विकत घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद केली. ज्या मुलाने सेकंडहँड विंडोज संगणकावर काम शिकले, त्याच्यासाठी हे दार तेव्हापासून बंद आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो.

जानेवारी २०२४ पासून ॲपल म्युझिकने मानधनाचा हिशेब बदलला. जे गाणे अवकाशी आवाजात उपलब्ध आहे त्याची एक वाजवणी १.१ धरायची आणि जे नाही त्याची १. लक्षात घ्या, गाणे 'उपलब्ध' असले की पुरे. श्रोत्याने ते साध्या स्पीकरवर स्टिरिओत ऐकले तरी त्याची मोजणी १.१ अशीच होते. बातम्यांत आले की कलावंतांना दहा टक्के वाढ. वाचणाऱ्याला वाटले, कंपनीने खिशात हात घातला.

तसे झालेले नाही. वाटायची रक्कम तीच आहे, फक्त वाटण्याचे माप बदलले. समजण्यापुरता छोटा हिशेब मांडू. समजा वाटायला १०० रुपये आहेत आणि गाणी १०० वेळा वाजली. जुन्या मापाने प्रत्येक वाजवणीला एक रुपया. आता समजा त्यांतील १० वाजवण्या अवकाशी गाण्यांच्या आहेत. त्या ११ धरल्या जातील, बाकीच्या ९०, एकूण १०१. अवकाशीवाल्यांना १० रुपयांऐवजी १० रुपये ८९ पैसे मिळाले आणि ९० वाल्यांचे मिळून ८९ पैसे गेले. फार नाही, कुणी ओरडणार नाही.

पण बड्या कंपन्यांनी आपली गाणी भराभर अवकाशी केली आणि ८० वाजवण्या त्यांच्या झाल्या, तर? ८८ आणि २०, एकूण १०८. मागे राहिलेल्यांना २० रुपयांऐवजी १८ रुपये ५२ पैसे. शेकडा साडेसात रुपयांच्या आसपास तूट. आणि ९० वाजवण्या अवकाशी झाल्या की उरलेल्यांना १० रुपयांऐवजी ९ रुपये १७ पैसे, म्हणजे शेकडा आठ रुपयांहून अधिक गेले. त्या वेळी बड्यांना झालेला फायदा किती? ९० चे ९० रुपये ८३ पैसे. शेकडा एक रुपयाही नाही. म्हणजे जसजसे सगळे सशक्त पुढे सरकतात तसतसे बक्षीस वितळत जाते आणि मागच्या मोजक्यांवरचा भुर्दंड वाढत जातो. हा हिशेब चौथीतल्या मुलालाही मांडता येईल, परंतु जाहिरातीत तो कुणी मांडला नाही.

२०२४च्या सुरुवातीलाच पाश्चात्त्य देशांतील स्वतंत्र संगीत कंपन्यांनी यावर आक्षेप घेतला होता. त्या आमच्या मुलांपेक्षा कितीतरी मोठ्या आहेत, आणि तरीही आपले पैसे बड्यांकडे वळतील अशी भीती त्यांना वाटली. ॲपलचे म्हणणे असे की चांगल्या दर्जाला उत्तेजन मिळावे आणि कलावंतांनी घातलेला वेळ व पैसा भरून निघावा. मेहनतीचे दाम मिळावे, याला आमचा विरोध असण्याचे कारणच नाही. आमचा सवाल एवढाच की ते दाम सभेत एका माइकसमोर गायलेल्या माणसाच्या वारसाने का द्यावे? ज्या गाण्याचे सुटे ट्रॅक कधी अस्तित्वातच नव्हते त्याला 'तू मागे का राहिलास' असे विचारण्यात कोणता दर्जा आहे? ॲपलसारख्या श्रीमंत कंपनीला उत्तेजन द्यायचे असेल तर तिने ते स्वतःच्या वाट्यातून द्यावे. ते जमत नसेल तर निदान जुन्या ध्वनिमुद्रणांना या मापातून वगळावे.

आम्ही ओरडल्याने हे माप उद्या बदलेल, अशा भ्रमात आम्ही नाही. म्हणून मुलांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. एक, जुनी फीत फाडून, आवाज इकडेतिकडे पांगवून तिला घाईघाईने अवकाशी म्हणून चढवू नका. फाडलेल्या आवाजात दुसऱ्या वाद्याची सावली राहते, टाळ्यांचा खरखराट गायकाला चिकटतो, आणि ज्यांचा आवाज आहे त्यांची त्यात शोभा होत नाही. आमच्या मित्राने केलेला तो प्रयोग ऐकून आम्ही हेडफोन काढून ठेवले होते. मूळ फीत आधी जशीच्या तशी संगणकात उतरवून तिच्या दोन प्रती दोन घरांत ठेवा, प्रयोग नंतर करा.

दुसरी, नवे गाणे करताना कुणाच्याही स्टुडिओत जा, पैसे चुकते करण्यापूर्वी तयार स्टिरिओ फाइलबरोबर सगळे सुटे ट्रॅकही मागून घ्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, साध्या वेव्ह फाइलमध्ये, प्रत्येकीवर वाद्याचे नाव. गायन, कोरस, हलगी, ढोलकी, पेटी, तुणतुणे. काही ठिकाणी ते देताना खळखळ करतात, वर पैसे मागतात. आमच्या ओळखीच्या एका गायिकेला तर 'डिलीट झाले' असे उत्तर मिळाले. म्हणून हे आधीच ठरवा आणि पावतीवर लिहून घ्या. आज अवकाशी मिक्स करायचा नसेल, तरी पाच वर्षांनी करावासा वाटला तर तुकडे तुमच्याच कपाटात असतील, आणि तुणतुण्याच्या फाइलवर तुणतुणे असेच लिहिलेले असेल.