अर्धवट गिझर, पूर्ण पैसे

नरकचतुर्दशी तोंडावर आली की आपल्या मंडळींना गिझर आठवतो. (उन्हाळ्यात इथे गच्चीवरची टाकीच इतकी तापते, की बंद गिझरमधलं पाणी गार म्हणून वापरावं लागतं!) मग घाईघाईत कुणाच्या तरी ओळखीचा, स्वस्तातला माणूस बोलावला जातो. तो टाकी लटकवतो, पैसे घेतो आणि 'सेफ्टी व्हॉल्व्हची नळी उद्या लावतो' म्हणून जातो, तो गेलाच.

ही नळी किरकोळ नव्हे. तापलेलं पाणी प्रसरण पावतं, जादा दाब त्या व्हॉल्व्हमधूनच बाहेर पडतो. ती वाट बुजली तर टाकी फुटू शकते. काम पुरं होईपर्यंत बटण दाबू नका. अभ्यंगस्नानाला पातेलंभर पाणी शेगडीवर तापवा.

माझं म्हणणं एवढंच, की परवाना असलेल्या कंपनीकडून लेखी दरपत्रक घ्या आणि शेवटचा हप्ता काम तपासूनच द्या. 2020 च्या संघीय ग्राहक संरक्षण कायद्यात सेवाही येतात. पण पावतीच नसेल, तर तक्रार कशाच्या आधारावर करणार? शिवाय परवान्याविना माणसं कामाला ठेवणाऱ्याला 2024 पासून किमान 1 लाख दिरहम दंड आहे.

आणि कंपनीच्या पोरावर ओरडू नका. उद्या कुठल्या घरी जायचं, हे तो ठरवत नाही. फोन त्याच्या मालकाला करा.