आगीची विद्या कोण शिकवणार?

डोंबिवली हे नोकरदारांचे गाव. सकाळच्या लोकलने मुंबई गाठावी, रात्रीच्या लोकलने परतावे आणि मुलाला इंजिनियर, डॉक्टर, निदान बँकेतला अधिकारी करावे, यात येथील दोन पिढ्यांची स्वप्ने सामावली आहेत. अशा घरातील बारावीचा एखादा विद्यार्थी जेव्हा अग्निशमन दलात जाण्याची इच्छा बोलून दाखवतो, तेव्हा घरात आधी शांतता पसरते आणि मग कोणीतरी विचारते, ‘म्हणजे बंबावर?’ या दोन शब्दांत आपल्या मध्यमवर्गाची श्रमाविषयीची सारी धारणा आली. आग लागली की बंब दहा मिनिटांत दारात यावा, असे प्रत्येकाला वाटते. त्या बंबावर आपला मुलगा असावा, असे कोणालाही वाटत नाही.

वस्तुतः अशी इच्छा धरणारा मुलगा स्वप्नाळू नसतो, तो आपल्या गावाकडे डोळे उघडे ठेवून पाहत असतो. २६ मे २०१६ रोजी डोंबिवली औद्योगिक वसाहतीतील प्रोबेस कारखान्यात स्फोट होऊन बारा माणसे मेली, तेव्हा तो प्राथमिक शाळेत असेल. २३ मे २०२४ रोजी त्याच वसाहतीत अमुदान केमिकल्समध्ये पुन्हा स्फोट झाला, दहाहून अधिक बळी गेले, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. तेव्हा तो दहावीच्या आसपास असेल. रासायनिक कारखाने आणि निवासी इमारती यांच्यामध्ये केवळ एक रस्ता असलेल्या गावात आग ही बातमी नसून शेजारीण आहे.

मग या मुलाने जावे कोठे? कागदावर वाट आहे. मुंबईत कलिना येथे राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्रात फायरमनचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम चालतो. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. तेथे २००२ साली प्रवेश घेणाऱ्या हर्षिनी कान्हेकर या तेथील पहिल्या विद्यार्थिनी. पदवीनंतर त्या तेल व नैसर्गिक वायू महामंडळात रुजू झाल्या. याखेरीज ‘फायर अँड सेफ्टी’ची पाटी लावलेले खासगी वर्ग गल्लोगल्ली आहेत, तेथे फी भरून प्रमाणपत्र मिळते, होजपाइप हाती मिळेलच असे नाही. परंतु ही सारी पुढची पायरी झाली. हे काम आपल्याला झेपेल काय, रुचेल काय, हे आधी पारखून पाहण्याची सोय मात्र कोठेच नाही. वैद्यकीचा विद्यार्थी रुग्णालय पाहतो, वकिलीचा विद्यार्थी न्यायालयात मागच्या बाकावर बसतो. अग्निशमनाची आवड असलेल्या मुलाला केंद्राच्या दारावरूनच परतावे लागते.

या विद्येचे स्वरूप ध्यानात घेतले म्हणजे ही उणीव किती महाग पडते ते कळते. धुराने भरलेल्या खोलीत उभे राहायचे नसते, जमिनीलगत सरपटायचे असते. बंद दाराला प्रथम हाताची मागची बाजू लावून उष्णता अजमावायची असते. हवा कोंडलेल्या खोलीचे दार एकदम उघडले तर आत दबलेली आग बाहेर झेपावते. काही रसायनांवर पाणी मारणे म्हणजे तेल ओतण्यासारखेच. ही वाक्ये पाठ करायला एक दुपार पुरते. ती अंगात मुरायला मात्र वर्षे लागतात, आणि ती मुरवण्याचे काम पुस्तक करीत नाही, शेजारी उभा असलेला वडीलधारा फायरमन करतो. ‘थांब, अजून आत जाऊ नकोस’ हे सांगणारा माणूसच या धंद्यातला खरा गुरू.

कल्याणकरांना याचे मोल १ नोव्हेंबर २०१८ रोजी कळायला हवे होते. कल्याण पूर्वेतील एका विहिरीत सफाईसाठी एक माणूस उतरला आणि वर आला नाही. त्याला काढण्यासाठी आणखी दोघे उतरले. त्यांच्यामागे महापालिकेच्या अग्निशमन दलाचे दोन जवान उतरले. विषारी वायूने पाचही जण गेले. अशा कोंडलेल्या जागांत आढळणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडची मेख अशी की, त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की तो वास घेण्याची शक्तीच बधिर होते. धोका संपला असे वाटते त्याच क्षणी तो सर्वांत मोठा असतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ सालीच असा इशारा दिला होता की, कोंडलेल्या जागांतील बळींपैकी साठ टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात. हे ज्ञान किती केंद्रांवर, किती जणांपर्यंत, कोणत्या सरावातून पोचते, हा प्रश्न त्या विहिरीत बुजवून चालणार नाही.

विद्या हातोहात देण्याचा हा मार्ग नवा नाही. १८२४ साली एडिंबरोत जेम्स ब्रेडवुडने पालिकेचे दल उभारले, तेव्हा त्याने भरती केले ते छपरे शाकारणारे, सुतार, गवंडी आणि नळकाम करणारे तरुण. इमारत कशी उभी राहते हे ज्याला ठाऊक, त्यालाच ती कशी कोसळेल हे आधी कळते, असा त्याचा हिशेब. आणि त्यांना तो स्वतः रात्रीच्या अंधारात सराव देई. हाच ब्रेडवुड पुढे लंडनला गेला. तेथील दल विमा कंपन्यांच्या पैशावर चालत असे. १८६१ च्या टूली स्ट्रीटच्या प्रचंड आगीत ब्रेडवुड भिंतीखाली गाडला गेला, विमा कंपन्यांचे दिवाळे निघण्याची वेळ आली आणि त्यांनी हात वर केले. अखेर १८६५ चा कायदा होऊन १८६६ पासून ते दल सार्वजनिक झाले. नफ्यासाठी चालवलेली सुरक्षा नफा संपला की संपते, हे बाजाराच्या भक्तांनी विसरू नये.

तेव्हा ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी आपापल्या केंद्रांची दारे विद्यार्थ्यांना रीतसर उघडावीत. सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली आठवड्यातून दोन दिवस केंद्रावर येतील, होज गुंडाळतील, शिडी लावतील, श्वसनयंत्र पाठीवर चढवून त्याचे वजन अनुभवतील, रसायनांची चिन्हे ओळखायला शिकतील, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एका अनुभवी जवानाचा हात असेल. घंटा वाजली की बंब जाईल. मुले केंद्रातच थांबतील. हा दंडक मोडता कामा नये. अठरा वर्षांखालील मुलांना धोक्याच्या कामावर लावण्यास कायद्याचीही मनाई आहे. जर्मनीत दोन लाखांहून अधिक मुले-मुली अशा बाल-अग्निशमन पथकांत शिकतात.

मात्र एक भीती आहे, आणि ती निराधार नाही. आपल्याकडे प्रशिक्षणार्थी म्हणजे बिनपगारी मजूर, असे समीकरण प्रशासनाने अनेक खात्यांत रूढ केले आहे. पदे रिक्त ठेवायची, कंत्राटदाराकडून माणसे घ्यायची आणि उरलेली भोके उत्साही पोरांनी भरायची, असा प्रकार अग्निशमनात शिरला तर तो गुन्हा ठरेल. चिलीत संपूर्ण अग्निशमन स्वयंसेवकांवर चालते हे खरे, पण त्याचा दाखला देऊन पगारी पदे कापण्याचा मोह कोणी धरू नये. शिकवणाऱ्या जवानाला त्या तासांचा स्वतंत्र भत्ता मिळाला पाहिजे. अन्यथा गुरुत्व हेही त्याच्यावर लादलेले फुकटचे काम होईल. शिवाय अठरा पूर्ण झाल्यावर या मुलांनी भरतीच्या रांगेत उभे राहायचे, तर ती भरती निघाली पाहिजे आणि कायम पदांवर निघाली पाहिजे.

पैसा नाही, ही सबब येथे चालणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटी रुपयांची योजना केंद्राने २०२३ मध्ये जाहीर केली. घोडबंदर रस्त्यावरील मनोऱ्यांसाठी उंच शिड्या हव्यातच. परंतु शिडीचे उद्घाटन करता येते, फीत कापता येते, छायाचित्र निघते, आणि शिकवण्याच्या तासांची फीत कापता येत नाही, एवढाच काय तो फरक.

१९४४ साली मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो. शाळांची मुले आणली जातात, पाण्याचे फवारे उडतात, भाषणे होतात, दुपारपर्यंत पटांगण रिकामे होते. बारावीच्या परीक्षा तोवर आटोपलेल्या असतात आणि निकालाला अवकाश असतो. दोन्ही महापालिकांना आरंभ करायचा असेल तर त्याच आठवड्यात, त्याच पटांगणावर, दहा-दहा मुलांच्या एका तुकडीपासून करता येईल.