महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या हाती प्रत्यक्ष कारभार देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू,
मुंबई विद्यापीठ,
फोर्ट, मुंबई 400 032

विषय : महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या कलम 99 नुसार विद्यार्थी परिषदा निवडून आणणे आणि विद्यार्थ्यांना नेतृत्वाचा प्रत्यक्ष अनुभव देणे.

महोदय,

आम्ही खाली सही करणारे विद्यार्थी माझगाव, घोडपदेव, ताडवाडी आणि भायखळा या भागांत राहतो व जवळपासच्या महाविद्यालयांत शिकतो. आमच्यातले बरेच जण सकाळी सातच्या लेक्चरला बसतात आणि दुपारनंतर दुकानात, कुरिअरच्या ऑफिसात किंवा शिकवणीवर्गात काम करतात. वर्षातून एकदा आमच्यासाठी नेतृत्व विकासाची कार्यशाळा भरते. पाहुणे बोलतात, फोटो निघतो, प्रमाणपत्र मिळते. वर्गातला पंखा महिनाभर बंद असेल तर ते कोणाला सांगायचे आणि सांगूनही दुरुस्त झाला नाही तर पुढे काय करायचे, हे मात्र त्या कार्यशाळेत कोणी सांगत नाही.

हीच मुले वाडीत काय करतात ते पाहावे. गणपतीच्या आधी दोन महिने एकोणीस-वीस वर्षांची पोरे पावतीपुस्तके घेऊन चाळी पालथ्या घालतात, मंडपाच्या परवानगीसाठी वॉर्ड ऑफिसात खेटे घालतात, पोलीस ठाण्यात बंदोबस्ताचे बोलून येतात आणि विसर्जनानंतर जमाखर्च फलकावर लावतात. हिशेबात शंभर रुपयांची तफावत आली तरी तळमजल्यावरच्या काकू जाब विचारतात आणि तो द्यावाच लागतो. महाविद्यालयात मात्र त्याच मुलांना वाचनकट्ट्याची साधी नोटीस लावायला तीन सह्या गोळा कराव्या लागतात, असा आमच्यातील काहींचा अनुभव आहे. मुलींची गोष्ट आणखी वेगळी. मंडळात आरतीचे ताट आणि रांगोळी त्यांच्याकडे येते, पावतीपुस्तक भावाकडे जाते. कारभार शिकायला त्यांना महाविद्यालयाखेरीज दुसरी जागा नाही.

मुंबईच्या विद्यार्थ्यांनी मिळालेल्या संधीचे चीज केल्याचे दाखले जुने आहेत. 1848 मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी व तरुण शिक्षकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा काढल्या. तरुण दादाभाई नौरोजी त्या कामात होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने 1946 मध्ये सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे; 1950 मध्ये बाबासाहेबांनी तिच्यापुढे हिंदू कोड बिलावर भाषण केले. देशाचा कायदामंत्री ज्या विषयावरून दिल्लीत झुंजत होता, तो विषय त्याला विद्यार्थ्यांपुढे मांडावासा वाटला. आमच्या माथारपाखाडीत 1864 साली जन्मलेले जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष झाले, कामगारांच्या बाजूने उभे राहिले आणि 1925 मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रमुखपदी बसले. भंडारवाडा टेकडीवरच्या त्यांच्या नावाच्या बागेत आम्ही अभ्यासाला बसतो.

कायद्याची वाटचाल आपणांस ठाऊक आहेच. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने वर्गप्रतिनिधी आदल्या परीक्षेच्या गुणांवरून ठरू लागला. हुशार विद्यार्थ्याने प्रतिनिधी होण्यास आमची हरकत नाही. पण वर्गाने ज्याला निवडले नाही, त्याला वर्ग कोणत्या तोंडाने जाब विचारणार? 2016 च्या अधिनियमाने ही उणीव दूर केली आणि वर्गप्रतिनिधी, अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी व राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी यांच्या निवडणुकीची वाट मोकळी केली. 2019 मध्ये तयारीही झाली होती. विधानसभा निवडणुकीमुळे ती लांबणीवर पडली आणि पाठोपाठ कोरोना आला. आम्हा सही करणाऱ्यांपैकी एकानेही आजवर महाविद्यालयात मत दिलेले नाही. वयाच्या 18 व्या वर्षी आम्ही आमदार-खासदार निवडतो, पण आमचा वर्गप्रतिनिधी निवडत नाही.

निवडणूक म्हटली की हाणामारी, पैसा आणि बाहेरच्यांचा शिरकाव आठवतो. ही धास्ती खोटी नाही. मुंबईच्या महाविद्यालयांनी 1980 च्या दशकात ते दिवस पाहिले आहेत. म्हणूनच आम्ही लिंगडोह समितीच्या चौकटीतली निवडणूक मागतो. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने 2006 मध्ये अहवाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यातील शिफारशी लागू केल्या. उमेदवाराचा खर्च 5,000 रुपयांच्या आत, छापील पोस्टरांना बंदी, 75 टक्के उपस्थितीची अट आणि सारी प्रक्रिया दहा दिवसांत पूर्ण, असे तिचे नियम आहेत. ते काटेकोरपणे पाळले तर गोंधळाला फारसा वाव उरत नाही.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

1. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत विद्यार्थी परिषदेची निवडणूक व्हावी. तिची तारीख विद्यापीठाच्या शैक्षणिक वेळापत्रकातच छापावी. शासनाच्या मान्यतेची गरज असेल तेथे विद्यापीठाने पाठपुरावा करावा आणि काय उत्तर आले ते महाविद्यालयांना कळवावे.

2. तोवर जेथे नेमणुकीने प्रतिनिधी घेतले जातात, तेथे अर्ज मागवावेत, निकष आधी जाहीर करावेत आणि निवडीची कारणे फलकावर लावावीत.

3. परिषदेच्या बैठका महाविद्यालयाच्या वेळेत व्हाव्यात. त्यासाठी आठवड्यातून एक तास मोकळा ठेवावा. कामावर जाणाऱ्या मुलांना दुपारी थांबता येत नाही आणि अनेक मुलींना उशिरापर्यंत थांबण्याची घरून परवानगी नसते. बैठकांच्या आजच्या वेळेमुळे नेमके हेच दोन गट गळतात.

4. विद्यार्थी उपक्रमांसाठी घेतल्या जाणाऱ्या शुल्कातील ठरावीक भाग परिषदेने प्राध्यापकांच्या देखरेखीखाली खर्च करावा. बिलांसह हिशेब दर सत्राअखेर फलकावर लागावा.

5. प्रत्येक समितीत निम्म्या मुली असाव्यात. खजिनदार आणि सचिव ही पदे आळीपाळीने त्यांच्याकडे यावीत.

6. नव्या शैक्षणिक धोरणातील सहअभ्यासक्रमाच्या क्रेडिटसाठी परिषदेचे काम धरावे. मूल्यमापन प्रमाणपत्रांवर न करता बैठकीची इतिवृत्ते, पत्रव्यवहार आणि हिशेब तपासून करावे. सभेची विषयपत्रिका व इतिवृत्त लिहिणे, हरलेल्या ठरावाचाही मान राखणे, माहिती अधिकाराचा अर्ज करणे यांचे प्रशिक्षण निवडून आलेल्यांना पहिल्याच महिन्यात मिळावे.

7. राष्ट्रीय सेवा योजनेचा विद्यार्थी वर्षाला 120 तास काम करतो. त्यातील काही तास आमच्याच वस्तीच्या प्रश्नांना द्यावेत : डॉकयार्ड रोड स्थानकाबाहेरचा पदपथ, जुन्या इमारतींची सुरक्षितता, भाऊच्या धक्क्याकडे जाणारी वाहतूक. पाहणीचा अहवाल महापालिकेच्या ई विभाग कार्यालयापुढे विद्यार्थ्यांनीच मांडावा. त्यासाठी वर्षातून दोन बैठका ठरवून द्याव्यात.

या मागण्यांना नवी इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. आमच्याकडून चुका होतील. एखादी बैठक भांडणात संपेल, एखादा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. त्या चुका विसाव्या वर्षी, प्राध्यापकांच्या नजरेखाली झालेल्या बऱ्या. पुढे सोसायटीत, युनियनमध्ये किंवा महापालिकेत त्याच चुका झाल्या तर त्यांची किंमत इतरांना मोजावी लागते.

पदवीचा काळ तीन-चार वर्षांचा असतो. निर्णय एक वर्ष लांबला की एक तुकडी काहीच हाती न घेता बाहेर पडते. आमच्यातील तिसऱ्या वर्षाच्या मुलांना या मागण्यांचा लाभ बहुधा मिळणार नाही, तरीही त्यांनी पहिल्या सह्या केल्या आहेत. या निवेदनावर एका महिन्याच्या आत लेखी उत्तर मिळावे आणि आमच्या पाच प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
माझगाव परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थी
माझगाव, मुंबई 400 010
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
1. मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय
2. मा. सहायक आयुक्त, ई विभाग, बृहन्मुंबई महानगरपालिका, भायखळा
3. परिसरातील महाविद्यालयांचे मा. प्राचार्य