अप-डाऊन करणारा जिल्हा

मराठवाड्यात ‘अप-डाऊन’ हा आता मराठी शब्द झाला आहे. ‘सध्या कोठे असता?’ या प्रश्नाला ‘नोकरी पूर्णेला, घर परभणीला, अप-डाऊन करतो’ असे उत्तर आले की त्या माणसाच्या दिनक्रमाचा निम्मा तपशील ऐकणाऱ्याला आपोआप कळतो. पहाटे भरलेला डबा, संध्याकाळी दिवेलागणीनंतरचे परतणे, रविवारी सकाळी उशिरापर्यंतची झोप, हे सारे त्या एका जोडशब्दात सामावलेले असते. शब्द आला तो रेल्वेच्या वेळापत्रकातून. एका दिशेची गाडी अप, उलट दिशेची डाऊन. पण आज हा शब्द उच्चारणाऱ्यांपैकी पुष्कळांनी कामावर जाण्यासाठी आगगाडीत पाऊल ठेवणे केव्हाच सोडले आहे. त्यांचे अप-डाऊन चालते ते मोटारसायकलवर, चौघांनी पेट्रोलचा खर्च वाटून घेतलेल्या मोटारीत, नाहीतर काळीपिवळीच्या मागच्या बाकावर. शब्द रुळावर राहिला आणि माणसे रस्त्यावर आली.

या माणसांविषयी जेव्हा जेव्हा सार्वजनिक चर्चा होते तेव्हा ती नीतीची चर्चा होते. शिक्षकाने मुख्यालयी राहिले पाहिजे, ग्रामसेवकाने राहिले पाहिजे, तलाठ्याने राहिले पाहिजे. २०१९ साली शासनाने मुख्यालयी राहण्याबद्दल ग्रामसभेचा ठराव मागितला, २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात हा प्रश्न विधानसभेत गाजला, आणि घरभाडे भत्त्यावरून वर्तमानपत्रांतही बरीच शाई खर्ची पडली. कामचुकारपणाला अप-डाऊनचे निमित्त करणारे लोक आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या घरात पती एका तालुक्यात आणि पत्नी दुसऱ्या तालुक्यात नोकरीला आहे, मुले परभणीच्या महाविद्यालयात आहेत आणि म्हाताऱ्या वडिलांना दर महिन्याला दवाखान्यात न्यावे लागते, त्या कुटुंबाने नेमक्या कोणत्या मुख्यालयी राहावे, याचे उत्तर कोणताही शासन निर्णय देत नाही. नोकरी आणि निवास यांच्यामध्ये अंतर राहणारच. ते अंतर कशाने कापावयाचे, हा खरा प्रश्न आहे. आणि तो वाहतुकीचा व नगररचनेचा प्रश्न आहे.

परभणी शहर गेल्या अर्धशतकात कसे वाढले ते पाहावे. १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ आले, शासकीय कार्यालये वाढली, आसपासच्या खेड्यांतील लोक मुलांच्या शिक्षणासाठी शहरात येऊ लागले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या तीन लाखांच्या पुढे गेली आणि त्याच वर्षी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. ही वाढ झाली ती जिंतूर रस्त्याने, वसमत रस्त्याने, गंगाखेड रस्त्याने. शेताच्या बांधावर चुन्याच्या रेघा पडल्या, सिमेंटचे दगड रोवले गेले, कोठे रीतसर अकृषिक परवानगी निघाली, कोठे ती पुढे २००१ च्या गुंठेवारी कायद्याच्या आधाराने नियमित करून घेण्याची आशा ठेवली गेली. मुंबईच्या उपनगरात घर विकणारा ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ अशी जाहिरात करतो. तेथे मिनिटे पायांनी मोजलेली असतात, निदान तसा दावा असतो. आमच्याकडच्या जाहिरातीतला मोठा शब्द ‘हायवे टच’. महामार्गाला स्पर्श असला म्हणजे भूखंडाचे सोने होते. तेथून शाळा किती दूर, भाजीबाजार किती दूर, पावसाळ्यात चिखलातून बसथांब्यापर्यंत कसे पोहोचावयाचे, याची विचारणा खरेदीखतावर सही होईपर्यंत कोणी करीत नाही.

परिणाम असा, की या वसाहतींत वाहन ही प्रतिष्ठेची वस्तू उरलेली नाही; ती सक्तीची झाली आहे. घरात एक दुचाकी पुरत नाही. वडिलांची एक, मुलाची एक, आईला शाळेवर जाण्यासाठी एक; आणि पगार वाढला की हप्त्यावर मोटार. ज्याला वाहन चालविता येत नाही, म्हणजे सत्तरीची आजी आणि बारा वर्षांची नात, ती कोणीतरी नेऊन सोडील या भरवशावर जगतात. अमेरिकेत महायुद्धानंतर जी मोटारीवर विसंबलेली उपनगरे उभी राहिली त्यांच्याविषयी आपण पुस्तकांत वाचतो. तेथे निदान रुंद रस्ते आणि बऱ्यापैकी मिळकत होती. आपण त्या रचनेचा दोष तेवढा उचलला, आणि तोही अर्ध्या पगारात.

पगाराचा हिशेबही करून पाहावा. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, महिन्याचे चोवीस दिवस आणि लिटरला पन्नास किलोमीटर असे धरले तर महिन्याला सुमारे एकोणतीस लिटर पेट्रोल लागते. म्हणजे तीन हजार रुपये. टायर, तेल, दुरुस्ती वेगळी. प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये वाढून सोळा हजार झाले. त्यातले तीन हजार रस्त्यावर जाळावयाचे. शिवाय परभणीच्या पेट्रोलची कीर्ती वेगळीच. २०२१ साली लिटरचा भाव शंभरावर गेला तेव्हा राज्यभरच्या बातम्यांत परभणीचे नाव अग्रभागी होते, आणि कारण सांगितले गेले ते असे की येथले इंधन तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या मनमाडच्या डेपोतून टँकरने येते. मनमाड! ज्या लोहमार्गावर आपण वसलो आहोत त्याचेच दुसरे टोक.

पैशापेक्षा मोठी किंमत जिवाची आहे. काळ्या मातीचा प्रदेश पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो, आणि तिच्यावरचा रस्ता वर्षा-दोन वर्षांत लाटा धरतो. सुगीत अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेले असते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या, पुष्कळदा मागे दिवा नसलेल्या, अंधारात उभ्या असतात. अशा रस्त्यावरून डिसेंबरच्या धुक्यात, दहाच्या हजेरीच्या धाकाने, मोटारसायकल हाकणाऱ्या माणसाला केवळ सावकाश जा म्हणून भागत नाही.

आणि याच जिल्ह्यातून, सव्वाशे वर्षांपासून, लोहमार्ग जातो. निजामाच्या राज्यात हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास मनमाडपर्यंत पोहोचला. सेलू आणि मानवतचा कापूस त्याने बाहेर नेला, पूर्णा तर रेल्वेचेच गाव म्हणून वाढले. पुढे मराठवाडा जनता विकास परिषदेच्या लढ्यात ब्रॉडगेज ही एक प्रमुख मागणी होती, आणि विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ती मनमाड–परभणी–मुदखेड मार्गावर पूर्ण झाली. पूर्णा–अकोला मार्ग २००८ मध्ये रुंद झाला. परभणी आणि पूर्णा अशी दोन जंक्शने, नऊ तालुक्यांच्या गावांपैकी परभणी, सेलू, पूर्णा, गंगाखेड ही चार थेट रुळावर, पाचव्या मानवतसाठी मानवत रोड. परभणी–पूर्णा अंतर तीस किलोमीटरांच्या आत, गंगाखेड चाळिसांच्या आसपास. उपनगरी गाडीसाठी याहून सोईची अंतरे कोणती? मुंबईहून कर्जतला रोज जाणारा कारकून यापेक्षा कितीतरी लांबचा प्रवास करतो आणि वाटेत वर्तमानपत्र वाचून संपवतो.

मग गाडी का नाही? गाड्या आहेत, पण त्या दूरच्या माणसासाठी आहेत. देवगिरी, नंदिग्राम, तपोवन यांची वेळ मुंबईच्या सोयीने ठरते, परभणीच्या कचेरीच्या सोयीने नव्हे. पॅसेंजर गाडीची दैना निराळी. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्यांपैकी एकीने स्थानकात बाजूच्या रुळावर थांबावयाचे असते, आणि थांबणारी बहुधा तीच असते. ‘क्रॉसिंग लागले’ हे दोन शब्द ऐकून मस्टरवर लाल शेरा पडण्याची धास्ती ज्याने अनुभवली त्याने एका महिन्यात मोटारसायकल घेतली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत गाड्या बंद झाल्या. पुन्हा सुरू होताना देशभर पॅसेंजर ‘विशेष’ या नावाने एक्स्प्रेसच्या भाड्यात धावू लागल्या, दहा रुपयांच्या जागी तीस रुपये. जुने भाडे परत यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. चार वर्षांत माणसाच्या सवयी बदलतात आणि वाहनाचे हप्ते फिटतात.

खेद वाटतो तो याचा, की कागदावर रेल्वे उदार आहे. मासिक पास साधारणपणे पंधरा एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात मिळतो. पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलीला घर ते महाविद्यालय असा दुसऱ्या वर्गाचा पास विनामूल्य देण्याची तरतूद आहे. पण पिंगळी किंवा मिरखेलच्या मुलीला तासिकेच्या वेळेवर पोहोचवणारी आणि अंधार पडण्यापूर्वी घरी आणणारी भरवशाची गाडी नसेल तर त्या विनामूल्य पासाचे तिने काय करावे? मोटारसायकल तिच्या वाट्याला येत नाही. ती भावाला मिळते. काही घरांत प्रश्न तेथेच सुटतो, म्हणजे मुलगी घरी बसते.

आता परिस्थिती पालटते आहे, आणि म्हणूनच हे बोलण्याची हीच वेळ आहे. परभणी–मुदखेड दुहेरीकरण २०२० च्या सुमारास पार पडले. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने छत्रपती संभाजीनगर–परभणी मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. विजेच्या तारा आल्या. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत नांदेडहून मुंबईला धावू लागली. तिचे स्वागत व्हावयाचे ते झाले, हार-तुरे झाले. परंतु वंदे भारत मानवत रोडवरून जाते, मानवत रोडसाठी जात नाही. दुहेरी मार्ग आणि वीज यांचा पहिला लाभ जर कोणाला व्हायला हवा असेल तर तो मेमू गाडीच्या प्रवाशाला. दोन्ही टोकांना चालकाची खोली असलेली ही गाडी इंजिन फिरवून लावण्याच्या खटाटोपाशिवाय परत फिरते, थांब्यावरून चटकन वेग घेते, आणि म्हणून जवळजवळच्या स्थानकांसाठीच ती बनविलेली आहे. नांदेड–पूर्णा–परभणी–सेलू–जालना, आणि गंगाखेड–परभणी; सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात. मागणी एवढीच आहे. ती अवाजवी म्हणता येईल काय?

‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ ही म्हण आपण अभिमानाने, थोड्या विनोदाने, सांगत असतो. जर्मनीने या बाबतीत काय केले ते तरी पाहावे. १९९६ पासून तेथे जवळच्या पल्ल्याच्या गाड्यांची जबाबदारी राज्यांकडे सोपविण्यात आली. कोणत्या मार्गावर, किती वाजता, किती गाड्या हव्यात हे राज्याने ठरवावे, रेल्वे कंपनीला पैसे द्यावे आणि गाडी मागून घ्यावी. त्यासाठी केंद्र शासन राज्यांना निधी देते. १ मे २०२३ पासून तर ४९ युरोंच्या मासिक तिकिटात देशभरच्या सर्व स्थानिक गाड्या, ट्राम आणि बसगाड्या चालू लागल्या. किंमत पुढे वाढली, पण एकच तिकीट हे तत्त्व टिकले. आपल्याकडे मुंबईसाठी राज्य शासन आणि रेल्वे १९९९ पासून मुंबई रेल्वे विकास महामंडळात भागीदार आहेत. मुंबईसाठी जे सुचले ते मराठवाड्यासाठी सुचू नये, असा काही नियम नाही. नांदेड विभागाने गाडी तोट्यात जाईल असे म्हणावे, आणि राज्याने रेल्वे आमची नव्हे असे म्हणावे, या दोन उत्तरांमधल्या मोकळ्या जागेत आज आमचा शिक्षक मोटारसायकल चालवतो आहे.

तोटा होईल, हे खरेच. प्रवासी वाहतुकीतील तूट रेल्वे मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून काढते. परंतु रस्ता कधी नफ्यात चालला म्हणून कोणी विचारीत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शाळा खेड्यात आहे, स्थानकात नाही. पूर्णेला उतरून पुढच्या आठ किलोमीटरांचे काय? आणि जिंतूर, पाथरी, सोनपेठ, पालम या तालुक्यांच्या गावांना तर रूळच नाही. त्यांच्यासाठी एसटी हीच रेल्वे आहे. मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्याची सवलत मिळाल्यावर एसटीत स्त्रियांची जी गर्दी उसळली तिने दाखवून दिले, की परवडणारे साधन असले तर प्रवास करण्याची गरज आणि इच्छा किती साठून राहिलेली होती. गाडी आली की स्थानकाबाहेर खेड्याकडे जाणारी बस उभी आहे, दोघींची वेळ एकमेकींशी ठरलेली आहे, एवढे जमले तरी पुष्कळ. परभणीत तर रेल्वे स्थानक आणि बसस्थानक चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. दोन्ही वेळापत्रके मात्र एकमेकांची ओळखही ठेवीत नाहीत.

राहता राहिला जमिनीचा प्रश्न, आणि तो सर्वांत निकडीचा. जपानमध्ये इचिझो कोबायाशी यांनी १९१० साली ओसाकाजवळ नवी विद्युत रेल्वे सुरू करताना इकेदा स्थानकाजवळची जमीन घेऊन तेथे घरे बांधली आणि ती मध्यम पगाराच्या नोकरदारांना हप्त्याने विकली. आधी रूळ, मग रुळाकाठी वस्ती. प्रवासी आपोआप मिळाले. आमच्याकडे रूळ शतकापूर्वीच आले आणि वस्ती मात्र त्यांच्याकडे पाठ करून महामार्गाकडे धावते आहे. जालना–नांदेड द्रुतगती महामार्ग झाला की या धावण्याला आणखी वेग येईल. पिंगळी, मानवत रोड, सेलू या स्थानकांभोवती चालत जाता येईल अशा टप्प्यात वसाहती, शाळा, वसतिगृहे यांसाठी प्रादेशिक योजनेत जागा राखून ठेवणे १९६६ च्या नगररचना कायद्याने आजही शक्य आहे. दुसऱ्या लोहमार्गासाठी मोजणी करणारी माणसे साखळ्या घेऊन शेतांत उतरतील तेव्हाच जिल्हाधिकारी, महानगरपालिका आणि रेल्वे यांनी एकत्र बसून हाही नकाशा काढावा. मोजणी आटोपून वर्ष गेले की तेथे चुन्याच्या रेघा पडलेल्या असतील.