कार्बनच्या हिशेबात माळरानाला स्थान कोठे?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले. मंगोलियाच्या पुढाकाराने मांडलेला हा ठराव २०२२ मध्ये संमत झाला होता. या घोषणेमुळे महाराष्ट्रातील एक जुना प्रश्न पुन्हा समोर आला आहे. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील माळराने ही पडीक जमीन मानायची, की कार्बन साठवून ठेवणारी स्वतंत्र परिसंस्था? या प्रश्नाच्या उत्तरावर मेंढपाळ धनगरांची उपजीविकाही अवलंबून आहे.

'पडीक' शब्दाचा वारसा

ज्या जमिनीपासून शेतसारा मिळत नाही, ती पडीक, अशी ब्रिटिश महसूल व्यवस्थेची धारणा होती. स्वातंत्र्यानंतरही ती फारशी बदलली नाही. माळरान म्हणजे तुटलेल्या जंगलाचे अवशेष, म्हणून तेथे झाडे लावणे हेच हिताचे, असा समज रूढ झाला. महाराष्ट्र शासनाने २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत ५० कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवले, तेव्हा मोकळ्या माळांकडे साहजिकच लागवडीची जागा म्हणून पाहिले गेले.

या समजाला २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने छेद दिला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी संतचरित्रपर साहित्य, ओव्या आणि लोककथा यांतील वनस्पतींचे उल्लेख तपासले. त्यांत आढळलेल्या ४४ वनस्पतींपैकी सुमारे दोन तृतीयांश वनस्पती विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशात वाढणाऱ्या होत्या. पश्चिम महाराष्ट्रातील माळराने किमान ७५० वर्षे जुनी आहेत, असा या अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

साठा जमिनीखाली

जंगलातील कार्बनचा मोठा वाटा खोड आणि फांद्यांमध्ये डोळ्यांना दिसतो. गवताळ प्रदेशात तो प्रामुख्याने जमिनीखाली असतो. गवताची तंतुमय मुळे सतत मरतात व नव्याने फुटतात. मेलेल्या मुळांचे सूक्ष्मजीव विघटन करतात आणि त्यातील काही कार्बन मातीच्या कणांना चिकटून दीर्घकाळ टिकतो. वणव्यात वरचे गवत जळाले, तरी हा साठा बहुतांशी सुरक्षित राहतो. माळ नांगरला किंवा लागवडीसाठी खोदला, की तोच साठा हवेच्या संपर्कात येऊन घटू लागतो.

चराईची भूमिका

गुरे चरली की जमीन उजाड होते, हा सार्वत्रिक समज आहे. हिमाचल प्रदेशातील स्पितीमध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सुमंत बागची आणि सहकाऱ्यांनी सोळा वर्षे केलेल्या निरीक्षणांतून वेगळे चित्र समोर आले. प्राण्यांना कुंपणाबाहेर ठेवलेल्या तुकड्यांत मातीतील कार्बनचे प्रमाण चराईच्या तुकड्यांपेक्षा वर्षागणिक ३० ते ४० टक्के अधिक चढउतार दाखवत होते. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. चराई थांबल्याने मातीतील नत्राचे चक्र बदलते आणि त्यामुळे कार्बनचा साठा अस्थिर होतो, असे संशोधकांना आढळले.

स्पितीचे थंड वाळवंट आणि दख्खनचा माळ यांत मोठे अंतर आहे. त्यामुळे तेथील आकडे येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. शिवाय याच गटाच्या पुढील अभ्यासात वन्य प्राण्यांच्या तुलनेत पाळीव जनावरांच्या चराईक्षेत्रातील मातीत कार्बन कमी आढळला. पशुवैद्यकीय उपचारांत वापरली जाणारी टेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविके शेणामुतातून मातीत उतरून सूक्ष्मजीवांवर परिणाम करतात, हे त्यामागील एक संभाव्य कारण आहे. रवंथ करणारी जनावरे मिथेन वायू सोडतात, हेही हिशेबात धरावेच लागते.

अतिचराईचे दुष्परिणामही नाकारता येत नाहीत. पवन्या, मारवेल यांसारखी पौष्टिक गवते मागे हटून कुसळीचे प्रमाण वाढणे, ही माळ थकल्याची खूण समजली जाते. हिवरे बाजार येथे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीनंतर गवत पुन्हा वाढले, हे सर्वश्रुत आहे. अर्थात मुद्दा चराई असावी की नसावी, एवढाच नाही. किती जनावरे, कोणत्या हंगामात आणि किती विश्रांतीनंतर, हा खरा प्रश्न आहे.

धनगरांची भटकंती ही या प्रश्नाची एक पारंपरिक सोडवणूक होती. दिवाळीनंतर कळप कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वाटेत शेतकरी आपल्या शेतात मेंढ्या बसवून खत मिळवतात. कळप सतत पुढे सरकत असल्याने कोणत्याही एका माळावर कायमचा भार पडत नाही. माळावर रोपवन झाले, की रोपे मोठी होईपर्यंत तेथे चराईला बंदी येते. मग तेवढीच जनावरे उरलेल्या तुकड्यांवर दाटीने चरतात आणि अतिचराईचा ठपका मेंढपाळांवर येतो.

धोरणातील उणीव

पॅरिस करारानुसार भारताने २०३० पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड इतका अतिरिक्त साठा निर्माण करण्याचे जाहीर केले. त्याचे माध्यम मात्र वने आणि वृक्षाच्छादन हेच ठरवले आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत किमान एक हेक्टर क्षेत्र आणि दहा टक्के वृक्षछत्र असल्याशिवाय जमीन वनाच्छादनात धरली जात नाही. परिणामी माळरानाच्या मातीतील कार्बन या हिशेबात दिसत नाही. त्याच जागी लावलेले रोप मात्र दिसते.

वृक्षलागवडीला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न जागेच्या निवडीचा आहे. माळरानांची स्वतंत्र नोंद, मातीतील कार्बनचे नियमित मोजमाप आणि मेंढपाळांच्या सहभागाने ठरवलेले चराईचे वेळापत्रक या तीन गोष्टींना कोट्यवधी रोपांइतका खर्च येणार नाही. त्यासाठी आधी सातबारा आणि नकाशांवरील 'पडीक' या शब्दाचा फेरविचार करावा लागेल.