शोकासाठी छोटा रंगमंच

इतिहास सांगायला मोठा पडदाच लागतो, असा आपल्याकडे समज झाला आहे. घोडदळ, ढोल, तलवारी. प्रेक्षक बाहेर पडतो तो शत्रू शोधतच. मग वर्गातला एखादा मुलगा शेजारच्या बाकावरच्या मुलाला तीनशे वर्षांपूर्वीचा जाब विचारतो. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. त्या प्रश्नानंतर खाली जाणारी मान मला ओळखू येते.

म्हणून दक्षिण आफ्रिकेचे चित्रकार विल्यम केंट्रिज यांची ‘ब्लॅक बॉक्स’ ही कलाकृती मला मोलाची वाटते. २००५ साली ती बर्लिनमध्ये मांडली गेली. मोठ्या कपाटाएवढा रंगमंच, त्यावर यंत्राने हलणाऱ्या बाहुल्या, कोळशाने काढलेल्या चित्रांचं ॲनिमेशन आणि फिलिप मिलर यांचं संगीत.

विषय आहे आजच्या नामिबियाचा. तिथे तेव्हा जर्मनीची सत्ता होती. १९०४ मध्ये हेरेरो लोकांनी बंड केलं. सेनापती फॉन ट्रोथाने जर्मन हद्दीत दिसेल त्या हेरेरोला गोळी घालण्याचा हुकूम काढला. हजारो माणसं वाळवंटात तहानेने मेली. उरलेल्यांना छावण्यांत डांबलं. मृतांच्या कवट्या ‘अभ्यासासाठी’ जर्मनीला नेल्या. म्हणून या रंगमंचावर कवटी मोजणारा कंपासही एक पात्र आहे, आणि मोझार्टच्या सुरांसोबत आफ्रिकेतला विलापही ऐकू येतो. कर्णा घेतलेली एक बाहुली फलक दाखवते. त्यावरच्या जर्मन शब्दाचा अर्थ आहे: शोक करण्याचं काम.

शोक हे काम आहे, ही गोष्ट मला पटते. राग आपोआप येतो, शोक करावा लागतो. केंट्रिज ना हेरेरो, ना जर्मन. दुसऱ्याच्या मृतांसाठी रडायला रक्ताचं नातं लागत नाही. गुन्हा ते लपवत नाहीत, पण बर्लिनच्या प्रेक्षकाला आरोपी न करता शोकात सामील करून घेतात. जर्मन सरकारने या संहाराला वंशसंहार म्हटलं ते २०२१ मध्ये. कला सोळा वर्षं पुढे होती.

आपल्याकडे पिंगुळीची चित्रकथी आहे, कळसूत्री बाहुल्या आहेत. खोकं आणि टॉर्च तर कुठल्याही शाळेत मिळेल. १९४८ च्या मराठवाड्यात रझाकारांनी मारलेली माणसं आणि पोलीस कारवाईनंतर मारले गेलेले मुसलमान, दोघेही त्या एकाच खोक्यात यायला हवेत. एकाचाच शोक करायचा ठरवलं, तर तो शोक राहत नाही, हिशेब होतो.